चुकलेलं इंजेक्शन

उज्जैनच्या माधव नगरात कोणाला ‘नंदा मुंगी कुठे राहतात’ असं विचारलं तर लोक विचारात पडतात. ‘इंजेक्शनवाल्या नंदाताई’ म्हटलं की पानवालासुद्धा हात लांब करून गल्ली दाखवतो. ठेंगणी मूर्ती, वय अठ्ठावन्न, गुडघे दुखतात म्हणून जरा डोलत चालायची सवय, आणि स्कूटीच्या डिकीत निळी, चेनची पिशवी.

त्यांचं माहेर भुसावळचं. वडील रेल्वेत गार्ड होते, त्यांची बदली उज्जैनला झाली तेव्हा नंदाताई सातवीत होत्या. पुढे इंदूरला नर्सिंग केलं आणि उज्जैनला परत येऊन एका प्रसूतिगृहात सव्वीस वर्षं नोकरी केली. लग्न झालं जयंतराव मुंगींशी. मुंगी मंडळी सात-आठ पिढ्या माळव्यात मुरलेली, त्यांच्या मराठीत निम्मी हिंदी. जयंतराव वीज मंडळातून रिटायर झाले, मुलगा हर्षल पुण्याला नोकरीला लागला, आणि नंदाताईंनी नोकरी सोडून घरोघरी जाऊन इंजेक्शनं द्यायला सुरुवात केली. सलाइन लावायचं, टाके काढायचे, म्हाताऱ्यांची साखर तपासायची. पण डॉक्टर लोक त्यांना खास ओळखत ते तेलातल्या इंजेक्शनांसाठी.

ही इंजेक्शनं दिवस राहिलेल्या बायकांना देतात. गर्भाशयाचं अस्तर धरून ठेवणारं प्रोजेस्टेरॉन ज्यांच्या अंगात कमी पडतं, त्यांना पहिले तीन महिने ते बाहेरून द्यावं लागतं. नंतर वार, म्हणजे प्लासेंटा, तयार होते आणि ती आपलं काम आपण करू लागते. औषध तेलात असतं, घट्ट. घाईने दिलं तर आत गाठ होते आणि बाईला आठवडाभर कुशीवर वळता येत नाही. नंदाताई आधी ती छोटी काचेची कुपी मुठीत धरून बसत, तेल अंगाच्या उबेला येईपर्यंत. तेवढ्या वेळात त्या बाईशी गप्पा मारत. मग सुई खोल घालून औषध इतक्या सावकाश सोडत की पुष्कळ जणी विचारत, ‘झालं?’ एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे. वर गरम पाण्याची पिशवी.

आपल्या हाताने दिलेल्या इंजेक्शनांवर वाढलेली मुलं त्यांना रस्त्यात भेटत. कोणी सायकलवर, कोणी शाळेच्या रिक्षात. त्यांच्या आया थांबवून म्हणत, ‘नमस्ते कर, ह्या नंदाताई.’ काही ठिकाणी मूल राहिलं नाही, असंही झालं. इतक्या वर्षांत ते होणारच. नंदाताई त्या घरी एकदा जाऊन बसत, चहा घेत, आणि परत आपल्या कामाला लागत.

तेजस्विनीच्या घरी मात्र त्यांना तसं बसता आलं नाही.

तेजस्विनीचं सासर जुन्या शहरात, गोपाळ मंदिराच्या मागच्या गल्लीत. अरुंद, तीन मजली सिमेंटचं घर, वर गच्ची. नवरा पराग देवासच्या कारखान्यात होता, सकाळी सातला निघून रात्री आठला येई. घरात दोघीच, तेजस्विनी आणि सासूबाई शोभाताई. तेजस्विनी शाळेत गणित शिकवायची. लग्नाला पाच वर्षं झाली होती, हे पहिलंच. सहा आठवडे झाले तेव्हा थोडं रक्त दिसलं, म्हणून डॉक्टर मृण्मयींनी तपासण्या केल्या. सोनोग्राफीत बाळाचे ठोके दिसले, पण रक्ताच्या रिपोर्टात प्रोजेस्टेरॉन फारच कमी आलं. मॅडमनी सुट्टी घ्यायला लावली, जिना चढायला मनाई केली, गोळ्या दिल्या आणि रोज एक तेलाचं इंजेक्शन लिहून दिलं. देणार कोण, तर नंदाताई.

गुरुवारी पहिलं इंजेक्शन झालं. नंदाताई रोज सहाच्या सुमाराला जायच्या. तेजस्विनी खालच्या खोलीत पलंगावर पडलेली असे, हाताशी पाचवीच्या मुलांच्या वह्या. कुपी गरम होईतो ती त्यांना मुलांच्या चुका वाचून दाखवी. ‘ताई, हे बघा, याने बाविसातून चाळीस वजा केलेत आणि उत्तर अठरा लिहिलंय. आत्मविश्वास बघा.’ दोघी हसायच्या. शोभाताई दारात उभ्या राहून म्हणायच्या, ‘हसू नकोस गं इतकं, पोटाला धक्का बसेल.’

पहिला सोमवार आला तेव्हा नंदाताई दुपारी तीनलाच जाऊन आल्या. श्रावण-भादव्याच्या सोमवारी महाकाळाच्या पालखीची सवारी निघते, मग जुन्या शहरात चार वाजल्यापासून रस्ते बंद. दुसऱ्या सोमवारीही ते सोपं गेलं असतं. पण तो शेवटचा सोमवार होता, शाही सवारीचा. त्या दिवशी सगळा माळवा उज्जैनला लोटतो.

दुपारी दोनला नानाखेड्याला एका आजोबांना सलाइन लावलं होतं, ते हळू उतरत होतं. आजोबांची शीर सापडायला आधीच अर्धा तास गेलेला. बाटली संपेपर्यंत पावणेचार झाले. नंदाताईंनी स्कूटी जुन्या शहराबाहेर देवास गेटपर्यंत आणली, तिथे ती लावली आणि पायी निघाल्या. छत्री चौकाच्या अलीकडे रस्ता अडवून लाकडी बल्ल्या ठोकल्या होत्या. मागून माणसं रेटत होती, पुढे पोलीस.

‘भैया, मैं नर्स हूँ. अंदर मरीज है, इंजेक्शन देना है,’ त्या म्हणाल्या आणि पिशवी उघडून दाखवली.

‘माताजी, सवारी निकल जाने दो, फिर चले जाना. अभी तो कलेक्टर साहब को भी नहीं जाने दूँगा.’

‘कब तक निकलेगी?’

‘आठ बजे. नौ भी बज सकते हैं.’

त्या तिथे दीड तास उभ्या राहिल्या. दुसरी गल्ली बघितली, तिथेही तेच. डमरू आणि झांजा वाजू लागल्या, मग पुढच्या माणसांच्या खांद्यांखेरीज काही दिसेना. उजवा गुडघा ठणकायला लागला. साडेपाचला त्यांनी तेजस्विनीला फोन केला, पण गोंगाटात काही ऐकू येईना. मग त्या वळल्या आणि घरी आल्या. थोडं पाय टेकू, सवारी गेली की जाऊ, असं मनाशी म्हणाल्या.

घरी जयंतराव नव्हते. नंदाताईंनी बादलीत गरम पाणी घेऊन पाय बुडवले. साडेसातला जयंतराव बाहेरून येऊन म्हणाले, ‘सवारी पुढे गेली म्हणे, पण भीड तशीच आहे. आता कुठे जातेस? सकाळी दे.’

ते खिचडीचा कुकर लावायला आत गेले, आणि नंदाताईंनी बादलीत आणखी गरम पाणी ओतून घेतलं. आठ वाजता तेजस्विनीचाच फोन आला.

‘नंदाताई, येताय का?’

‘अगं, पोलीस सोडतच नाहीयेत,’ नंदाताई म्हणाल्या. पाय बादलीत होते. ‘चारपासून इथेच उभी आहे. सकाळी सातला येते, पहिलं तुझंच काम.’

‘एक दिवस चुकलं तर काही होईल का?’

‘काही होत नाही, बेटा. झोप शांत.’

मंगळवारी सकाळी पावणेसातलाच त्या पोचल्या. इंजेक्शन दिलं. तेजस्विनी जरा गप्प होती, पण नंदाताईंना वाटलं, झोप मोडली असेल. बुधवारी दुपारी तिला रक्त जायला लागलं. संध्याकाळी सहाला नंदाताई गेल्या तर दाराला कुलूप. शेजारच्या बाईने सांगितलं, ‘अस्पताल ले गए.’

गुरुवारी सकाळी त्या पुन्हा गेल्या. शोभाताईंनी दार उघडलं. त्यांचे डोळे सुजलेले होते. ‘गेलं,’ त्या म्हणाल्या. नंदाताईंच्या तोंडाकडे न बघता त्यांनी दार लोटून घेतलं. आपटलं नाही, नुसतं लोटलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला, तेव्हा नंदाताई पायरीवर उभ्याच होत्या.

या धंद्यात आयुष्य गेलेल्या बाईला हे ठाऊक नव्हतं असं नाही की तेलाचं औषध अंगात दोन-तीन दिवस पुरतं. एका दिवसाच्या उशिराने गर्भ जात नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. प्रोजेस्टेरॉन कमी असणं हे कधी कारण असतं, तर कधी आत बिघडलेलं आहे याची नुसती बातमी असते, हे त्यांनी स्वतः कितीतरी बायकांना समजावून सांगितलं होतं. दुसऱ्या कोणा नर्सच्या हातून असं झालं असतं तर त्यांनी तिला जवळ बसवून हेच सांगितलं असतं. पण दुसऱ्या नर्सने पाय गरम पाण्यात बुडवून ‘पोलीस सोडत नाहीत’ असं सांगितलं नव्हतं.

ते वाक्य त्यांच्या मागे लागलं. भाजी चिरताना, स्कूटी लावताना, कोणाच्या दंडाला पट्टा बांधताना, मध्येच कुठूनतरी तेजस्विनीचा आवाज यायचा, ‘काही होईल का?’ अगदी कानाशी. एकदा त्या एका घरी कुपी मुठीत धरून बसल्या होत्या आणि समोरची बाई विचारत होती, ‘ताई, दहा मिनिटं झाली, अजून गरम नाही झाली का?’ कुपी घामाने ओली झाली होती.

जुन्या शहरातल्या केसेस त्यांनी घेणं बंद केलं. गोपाळ मंदिराकडे जायचं झालं तर जयंतरावांना पाठवत. फक्त एकदा, दिवाळीच्या खरेदीला, त्या लांबून त्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेल्या होत्या. तेजस्विनी रांगोळीच्या गाडीपाशी उभी होती, वाळलेली, केस कापलेले. नंदाताई एका कापडाच्या दुकानात शिरल्या आणि नको असलेल्या चादरी बघत बसल्या.

आणि त्या मोजायला लागल्या. फाइलवरची बाळंतपणाची तारीख त्यांच्या डोक्यात पक्की बसली होती, मार्चची अठ्ठावीस. तो दिवस आला, तेव्हा त्यांच्या मनात आलं, आज ते झालं असतं. मग महिन्याचं. मग मान धरायला लागलं असतं. डिसेंबरात धरून उभं राहिलं असतं. हे त्यांनी जयंतरावांनाही सांगितलं नाही. पुण्याला सुनेला दिवस गेले तेव्हा सगळं घर आनंदात होतं, आणि नंदाताई मनात दुसऱ्याच मुलाचे महिने मोजत होत्या. नातू झाला. त्याला मांडीवर घेताना त्यांना वाटलं, हा त्याच्याहून दीड वर्षांनी लहान.

एकदा नानाखेड्याच्या बसस्टँडवर त्यांना लाल स्वेटरमधलं एक मूल दिसलं. दीड-पावणेदोन वर्षांचं असेल. आईचं बोट धरून तुरुतुरु चाललं होतं. नंदाताई कशासाठी तिथे आल्या होत्या ते विसरून त्याच्या मागे निघाल्या. स्टँडच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या, पाण्याच्या टाकीपाशी वळल्या, पुढे इंदूरच्या बसपर्यंत. बसच्या पायरीवर त्या आईने वळून बघितलं.

‘क्या हुआ आंटी? कुछ चाहिए?’

‘नहीं बेटा,’ नंदाताई म्हणाल्या. ‘स्वेटर अच्छा है.’

त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी जयंतरावांना म्हटलं, ‘मी आता काम सोडू म्हणते.’

जयंतरावांनी पेपर खाली ठेवला. ‘गुडघे?’

‘हो,’ त्या म्हणाल्या.

काम त्यांनी सोडलं नाही, कमी केलं. अशी सव्वातीन वर्षं गेली.

कार्तिकात, दुपारी जेवण झाल्यावर फोन वाजला. नंबर त्यांनी कधीच पुसून टाकला होता, पण आवाज ओळखायला नाव लागलं नाही.

‘नंदाताई, मी तेजस्विनी.’

नंदाताई खुर्चीवर बसल्या.

‘मला दिवस गेलेत. सात आठवडे झाले. प्रोजेस्टेरॉन पुन्हा कमी आलंय. मॅडमनी तीच इंजेक्शनं लिहून दिलीत. तुम्ही याल का?’

‘तेजस्विनी, मी आता तिकडच्या केसेस घेत नाही गं. अश्विनी म्हणून एक मुलगी आहे, फार चांगला हात आहे तिचा. तिचा नंबर देते.’

‘मला तुम्ही हव्या आहात.’

‘मी नको,’ नंदाताई म्हणाल्या, आणि त्यांना स्वतःचा आवाज परका वाटला. ‘माझ्या हाताला यश नाही, बेटा.’

मग तेजस्विनी म्हणाली, ‘सहाला वाट बघते,’ आणि फोन ठेवला.

जयंतराव आतून ऐकत होते. त्यांनी चारला चहा केला, पाचला पायात चपला घालून म्हणाले, ‘चल, मी येतो देवास गेटपर्यंत. पुढे तू जा.’

शोभाताईंनीच दार उघडलं. त्या म्हाताऱ्या दिसत होत्या. ‘या,’ म्हणाल्या आणि लगबगीने आत निघून गेल्या. तेजस्विनी त्याच खालच्या खोलीत, त्याच पलंगावर होती. नंदाताईंनी पिशवी उघडली, कुपी काढली, मुठीत धरली आणि बसल्या. कुपी गरम झाली, तरी त्या सुई लावेनात.

‘तुला एक सांगायचंय,’ त्या म्हणाल्या. ‘त्याशिवाय मला हे देता येणार नाही. त्या दिवशी, सवारीच्या दिवशी, तू फोन केलास तेव्हा मी रस्त्यावर नव्हते. घरी होते. पाय शेकत बसले होते. खोटं बोलले मी.’

‘मला माहीत आहे,’ तेजस्विनी म्हणाली.

नंदाताईंनी वर बघितलं.

‘तुम्ही बोलत होतात तेव्हा मागे कुकरची शिट्टी झाली. सवारीत कुठून येणार कुकर?’ ती हसली नाही. ‘मला तेव्हा राग आला होता. पुष्कळ दिवस राहिला. मी रोज म्हणायची, त्या आल्या असत्या तर मी पलंगावर असते.’

‘म्हणजे?’

तेजस्विनीने दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. ‘पालखी आमच्या गल्लीच्या तोंडावरून जाते. गच्चीवरून दिसते. तुम्ही येणार नाही असं वाटायला लागलं, तेव्हा आई म्हणाल्या, चल, हात धरून नेते, महाकाळाला सांग सांभाळायला. पन्नास पायऱ्या आहेत. मला मनाई होती, त्यांनाही माहीत होतं. वर गेलो, फुलं टाकली. उतरताना माझा पाय एकदा घसरला. पडले नाही, कठडा धरला. पण पोटात काहीतरी लचकलं असं वाटलं मला. बुधवारी ते झालं. आईंनी तेव्हापासून गच्चीचं दार उघडलेलं नाही. सवारीच्या दिवशी त्या खोलीत पांघरूण घेऊन पडतात. आम्ही दोघी एका घरात राहतो, ताई, पण यावर एक शब्द बोललेलो नाही.’

नंदाताईंना त्या लोटलेल्या दाराची कडी आठवली. इतकी वर्षं त्या समजत होत्या की ते दार आपल्यासाठी लागलं.

तेजस्विनीने उशीखालून जुनी फाइल काढली. ‘या महिन्यात मॅडमकडे गेले तेव्हा त्यांनी मागचे सगळे कागद मागितले. मी ही फाइल कधी उघडलीच नव्हती. परागने बांधून माळ्यावर टाकली होती. मॅडमनी बुधवारची सोनोग्राफी वाचली आणि मला दाखवली. तुम्ही वाचा.’

नंदाताईंनी चष्मा लावला. त्यांना असले रिपोर्ट शेकड्याने वाचायची सवय होती. शेवटच्या पाळीच्या हिशेबाने आठ आठवडे सहा दिवस. आत मोजलेली लांबी सात आठवडे एक दिवसाची. ठोके नाहीत. त्यांनी बोटांवर दिवस मागे नेले. बुधवारपासून बारा. शुक्रवार. सवारीच्या आधीचा शुक्रवार नव्हे, त्याच्याही आधीचा.

‘मॅडम म्हणाल्या, ते तेव्हाच थांबलं होतं. बीजातच काही खोट असेल. म्हणूनच प्रोजेस्टेरॉन कमी येत होतं. जिन्याने काही झालं नाही, इंजेक्शन चुकल्यानेही नाही. तुम्ही चारला आला असतात तरी हेच झालं असतं.’

नंदाताई रिपोर्ट धरून बसून राहिल्या. त्यांना वाटलं होतं, असं काही कधी कळलं तर छातीवरचा दगड उतरेल. तसं काही झालं नाही. त्यांना तो शुक्रवार आठवायला लागला. त्या शुक्रवारी त्या आल्या होत्या, डावीकडे इंजेक्शन दिलं होतं. शनिवारी उजवीकडे. मधल्या रविवारी तेजस्विनीने नाव काय ठेवावं यावर त्यांच्याशी वाद घातला होता. दुसऱ्या आठवड्यात शोभाताईंनी त्यांना बदामाचा शिरा खाऊ घातला होता. रोज कुपी गरम करून, जपून, सावकाश, गाठ होऊ नये म्हणून. अकरा इंजेक्शनं. आत कोणी नव्हतं, आणि या खोलीत तिघी जणी त्याच्याबद्दल बोलत होत्या, हसत होत्या, पोटाला धक्का बसेल म्हणून घाबरत होत्या.

‘मलाही तेच आठवतं,’ तेजस्विनी म्हणाली. नंदाताई काहीच बोलल्या नव्हत्या, तरी ती म्हणाली. ‘मी त्याच्याशी बोलायची. ते बारा दिवस मी कोणाशी बोलत होते?’

‘मी अजून त्याचे महिने मोजते,’ नंदाताईंच्या तोंडून निघून गेलं. ‘पुढच्या जूनला बालवाडीत गेलं असतं.’

तेजस्विनीचा चेहरा आक्रसला. मग तिने नंदाताईंच्या मुठीवर हात ठेवला. ‘मला वाटलं मी एकटीच मोजते.’

मग तेजस्विनी कुशीवर वळली आणि नंदाताईंनी इंजेक्शन दिलं. नंदाताई निघाल्या तेव्हा तिने विचारलं, ‘या वेळी राहील ना?’

‘मला नाही सांगता येत,’ नंदाताई म्हणाल्या. ‘मी उद्या येते.’

स्वयंपाकघराच्या दारापाशी शोभाताई उभ्या होत्या. त्यांनी किती ऐकलं होतं कोण जाणे. नंदाताई त्यांच्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, ‘शोभाताई, तो कागद तुम्हीही वाचा. मराठीत सांगायला हवं असेल तर मी सांगते.’ शोभाताईंनी पदर तोंडाला लावला आणि मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

पुढचे पाच आठवडे सोपे गेले असं कोणी म्हणणार नाही. वह्या नव्हत्या, हसणं नव्हतं. तेजस्विनी पोटावर हात ठेवत नसे. नंदाताई रोज सुई टोचत आणि रोज त्यांच्या मनात येई, आत आहे ना? आजही आहे ना? औषध तेच, घर तेच, खिडकीतून येणारा मंदिराच्या घंटेचा आवाज तोच. कधी त्यांना वाटे, आपण त्या आधीच्यालाच इंजेक्शन देतो आहोत, अजूनही, आणि ते कधीचं निघून गेलंय. दर मंगळवारी सोनोग्राफी होई. मंगळवारी संध्याकाळी परागचा फोन येई, ‘ठोके आहेत.’ तेवढंच. नंदाताई तो फोन येईपर्यंत जेवत नसत, आणि आला की त्यांची भूक मेलेली असे.

दहाव्या आठवड्यात एकदा शोभाताई चहा घेऊन आल्या आणि पलंगाच्या कडेला बसल्या. कोणाकडे न बघता म्हणाल्या, ‘मी नेलं हिला वर. माझंच डोकं फिरलं होतं.’

‘मी पण आलेच की,’ तेजस्विनी म्हणाली. ‘तुम्ही ओढून नव्हतं नेलंत.’

‘वाचला मी तो कागद,’ शोभाताई म्हणाल्या. ‘परागकडून दोनदा वाचून घेतला. पण कागद वाचला म्हणून जिना विसरत नाही माणूस.’

नंदाताईंनी चहा घेतला.

बारा आठवडे पूर्ण झाले, वार नीट बसली होती, आणि मृण्मयी मॅडमनी इंजेक्शनं थांबवली. शेवटच्या दिवशी कोणी पेढे आणले नाहीत. नंदाताईंनी रिकामी कुपी कागदात गुंडाळली, पिशवीची चेन लावली आणि म्हणाल्या, ‘काही लागलं तर फोन कर.’ दुसऱ्या दिवशी सहा वाजता त्या चप्पल घालून दारात उभ्या होत्या. जयंतरावांनी विचारलं, ‘कुठे?’ तेव्हा त्या पुन्हा आत येऊन बसल्या.

ज्येष्ठात, उन्हाने डांबर वितळत असताना, तेजस्विनीला मुलगी झाली. सातव्या महिन्यापर्यंत घरात कोणी झबलीसुद्धा शिवली नव्हती. मुलगी अडीच किलोची, काळ्याभोर केसांची. नंदाताई बाराव्या दिवशी गेल्या, मुलीला मांडीवर घेतलं, तिच्या हातापायांची बोटं बघितली आणि परत दिली. त्यांना भीती वाटली होती की तिला बघून मोजणं थांबेल. ते थांबलं नाही. आता त्या दोघांची वयं मोजतात, एकाचं बालवाडीचं, एकीचं दिवसांचं, आणि त्यांना ते विचित्र वाटत नाही.

दीड महिन्याने पहिल्या लशी होत्या. तेजस्विनी म्हणाली, ‘तुम्हीच टोचा ना.’ नंदाताईंनी नाही म्हटलं, पण डॉक्टरांकडे सोबत गेल्या. तिथल्या सिस्टरने सुई भरली. नंदाताईंनी मुलीचा पाय गुडघ्यापाशी घट्ट धरला, हलू नये म्हणून. सुई लागली आणि मुलीने क्षणभर श्वास रोखला, मग सगळा दवाखाना दणाणून सोडला. तेजस्विनी तिला उचलायला पुढे झाली. नंदाताई पाय धरून तशाच उभ्या होत्या. ‘ताई, सोडा आता,’ सिस्टर म्हणाली. त्या मुलीचं रडणं ऐकत होत्या.